सावत्र अपत्याचा अमेरिका प्रवेश : अठराव्या आणि एकविसाव्या वाढदिवसाचे गणित

घटस्फोट किंवा वैधव्यानंतर परदेशस्थ व्यक्तीशी पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रियांची संख्या मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक या शहरांत आता नगण्य राहिलेली नाही. विवाह मंडळांच्या याद्यांतही ‘अमेरिकेत स्थायिक, घटस्फोटित, अपत्यासह वधू चालेल’ अशा नोंदी आढळतात. दोन्ही घरांची पसंती होते, तारीख ठरते आणि मग प्रश्न उभा राहतो तो पहिल्या विवाहापासूनच्या मुलाचा किंवा मुलीचा. त्याला अमेरिकेत नेता येईल का? येईल, असे कायद्याचे उत्तर आहे. मात्र त्या उत्तराला दोन वाढदिवसांची अट जोडलेली आहे, अठरावा आणि एकविसावा. बहुतेक कुटुंबांना एकविसाव्या वाढदिवसाची अट ठाऊक असते. अडचण होते ती अठराव्याची.

अमेरिकेच्या १९५२ सालच्या इमिग्रेशन आणि नागरिकत्व कायद्यात ‘अपत्य’ या शब्दाची व्याख्या दिलेली आहे आणि तीत सावत्र अपत्याचाही समावेश आहे. ज्या विवाहामुळे सावत्र नाते निर्माण झाले, तो विवाह अपत्याने वयाची अठरा वर्षे पूर्ण करण्यापूर्वी झालेला असला पाहिजे, ही त्यातील अट. शिवाय ‘अपत्य’ म्हणून गणले जाण्यासाठी ते एकवीस वर्षांखालील आणि अविवाहित असावे लागते. पहिली अट विवाहाच्या तारखेशी निगडित आहे, दुसरी अर्जाच्या तारखेशी. या दोन तारखांची गल्लत झाली की पुढचे सारे गणित चुकते.

उदाहरणार्थ, मुलाचा जन्म १० ऑगस्ट २००८ चा आहे असे समजू. आईचा अमेरिकी नागरिकाशी विवाह ९ ऑगस्ट २०२६ पर्यंत झाला, तर कायद्याच्या दृष्टीने तो त्या नागरिकाचा सावत्र मुलगा ठरतो. विवाह ऐन वाढदिवशी, म्हणजे १० ऑगस्टला झाला, तर ठरत नाही. एका दिवसाची सवलत देण्याचा अधिकार व्हिसा अधिकाऱ्याला नाही.

या दोन मर्यादा चुकण्याचे परिणाम सारखे नाहीत, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. विवाह वेळेत झाला, पण एकविसावा वाढदिवस हुकला, तर सावत्र वडिलांना मुलासाठी अर्ज करता येतोच. फक्त तो ‘नागरिकाचे एकवीस वर्षांवरील अविवाहित अपत्य’ या वर्गात जातो आणि प्रतीक्षा कित्येक वर्षांची होते. अठरावा वाढदिवस हुकला, तर रांगेत उभे राहण्याचा हक्कच निर्माण होत नाही. मग वाट पाहायची ती आईला ग्रीन कार्ड मिळण्याची. ते मिळाल्यावर जन्मदाती म्हणून तिने स्वतः मुलासाठी अर्ज करायचा, मुलगा एकवीसच्या आत असेल तर एका वर्गात, पुढे गेला असेल तर त्याहून मंद गतीच्या दुसऱ्या वर्गात. या काळात मुलाने वा मुलीने लग्न केले, तर तो मार्गही बंद होतो. ग्रीन कार्डधारकाला विवाहित अपत्यासाठी अर्ज करता येत नाही.

मुलगा सावत्र वडिलांबरोबर कधी राहिलाच नाही, त्यांची एकमेकांशी धड ओळखही नाही, अशी शंका पालक बोलून दाखवतात. ती अनाठायी आहे. अमेरिकेच्या इमिग्रेशन अपील मंडळाने १९८१ मध्ये मॅकमिलन प्रकरणात याचा निर्णय दिला आहे. विवाह वैध आणि खरा असेल व तो अठरा वर्षांच्या आत झालेला असेल, तर एकत्र राहिल्याचा वा पालनपोषण केल्याचा वेगळा पुरावा नात्यासाठी आवश्यक नाही. विवाह खरा आहे की केवळ व्हिसासाठी केलेला आहे, याची तपासणी मात्र कसून होते.

विवाहाची तारीख कोणती धरायची?

भारतीय कुटुंबांची खरी कसोटी येथे लागते. अमेरिकी कायदा विवाहाची वैधता सामान्यतः तो जेथे झाला तेथील कायद्यानुसार ठरवतो. म्हणजे पुण्यात लागलेल्या लग्नाची वैधता भारतीय कायद्यावर अवलंबून राहते, आणि ती आधीच्या विवाहाचा शेवट नीट झाला आहे की नाही यावर.

हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार पहिला विवाह कायम असताना केलेला दुसरा विवाह रद्दबातल असतो. ग्रामीण भागात, आणि शहरातही काही समाजांत, स्टॅम्पपेपरवर दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन ‘काडीमोड’ झाल्याचे मानले जाते. रूढीने चालत आलेला घटस्फोट कायद्याने पूर्णपणे अमान्य केलेला नाही, पण ती रूढी सिद्ध करावी लागते. व्हिसाच्या खिडकीपाशी ती सिद्ध करणे किती अवघड आहे, हे वेगळे सांगायला नको. न्यायालयाचा हुकूमनामा नसेल तर तो आधी मिळवावा. विधवेच्या बाबतीत पहिल्या पतीचा मृत्यू दाखला पुरतो.

हुकूमनामा हाती आल्यावर दुसऱ्याच दिवशी बोहल्यावर चढता येते असेही नाही. कायद्याच्या पंधराव्या कलमानुसार अपिलाची मुदत संपल्यावर किंवा अपील फेटाळले गेल्यावर पुनर्विवाह करावा, असे अपेक्षित आहे. ही मुदत २००३ च्या दुरुस्तीनंतर नव्वद दिवसांची आहे. मुलाला अठरा पूर्ण व्हायला चार महिने उरले असताना हे नव्वद दिवस किती मोलाचे ठरतात, याचा हिशेब घटस्फोटाचा दावा दाखल करतानाच मांडायला हवा. परस्परसंमतीच्या घटस्फोटात दोन अर्जांमध्ये सहा महिन्यांचे अंतर असते. ते बंधनकारक नसून योग्य प्रकरणी न्यायालय माफ करू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग प्रकरणात दिला. मुलाच्या वयाची अडचण न्यायालयापुढे मांडायची असेल तर ती वेळेत आणि कागदोपत्री मांडली पाहिजे.

त्यानंतर विवाह कोणत्या कायद्याखाली करायचा हा प्रश्न येतो. वर व वधू दोघेही हिंदू असतील, तर विधिपूर्वक विवाह लागला तो दिवस हीच विवाहाची तारीख असते, नोंदणी नंतर झाली तरी चालते. नोंदणी प्रमाणपत्रावर विवाहाची आणि नोंदणीची अशा दोन्ही तारखा दिलेल्या असतात. आळंदीला घाईने लागलेले लग्न कायद्याने कमी प्रतीचे ठरत नाही. पण विवाह अठराव्या वाढदिवसाच्या आठवडाभर आधी आणि नोंदणी त्यानंतर सहा महिन्यांनी, अशी कागदपत्रे समोर आली तर अधिकाऱ्याला शंका येणारच. छायाचित्रे, कार्यालयाची पावती, निमंत्रणपत्रिका, पुरोहिताचे पत्र हे सारे जपून ठेवावे. नोंदणीही त्याच आठवड्यात उरकावी हे उत्तम.

वर अन्य धर्माचा असेल, तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा मार्ग घ्यावा लागतो आणि तेथे घाईला वाव नाही. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस वास्तव्य केलेले असावे लागते, मग नोटीस, आणि नोटिशीनंतर आणखी तीस दिवसांची प्रतीक्षा. अमेरिकेतून तीन आठवड्यांची रजा काढून आलेल्या वराला हे कळते तेव्हा बहुधा परतीचे तिकीट काढून झालेले असते.

साखरपुडा झाला आहे, लग्न नाही

अठरावा वाढदिवस उलटून गेला असेल आणि विवाह अजून झालेला नसेल, तर एक वाट शिल्लक राहते. ती फारशी चर्चेत येत नाही. अमेरिकी नागरिकाला आपल्या वाग्दत्त वधूसाठी ‘के-१’ व्हिसाचा अर्ज करता येतो आणि तिच्या एकवीस वर्षांखालील अविवाहित मुलांना तिच्यासोबत ‘के-२’ व्हिसा मिळतो. अमेरिकेत पोहोचल्यावर नव्वद दिवसांत त्याच नागरिकाशी विवाह करावा लागतो. हा विवाह झाला तेव्हा मूल अठरा वर्षांवर गेलेले असले तरी त्याला ग्रीन कार्ड मिळू शकते. मात्र ‘के-२’ व्हिसावर अमेरिकेत प्रवेश करताना त्याचे वय एकवीसपेक्षा कमी असले पाहिजे. इमिग्रेशन अपील मंडळाच्या २०११ मधील ‘ले’ प्रकरणातील निर्णयाने हे स्पष्ट झाले.

म्हणून मूल अठरा ते एकवीस या वयात असेल, तर भारतात लग्न उरकून घेण्याचा आग्रह थोडा आवरता घ्यावा. साखरपुडा करण्यास हरकत नाही. परंतु घरगुती स्वरूपात का होईना, सप्तपदी झाली तर ती स्त्री कायद्याने पत्नी होते, ‘के-१’चा मार्ग बंद होतो, आणि पत्नीच्या मार्गात अठरा वर्षांची अट पुन्हा आडवी येते. वाग्दत्त जोडप्याची अर्जापूर्वीच्या दोन वर्षांत प्रत्यक्ष भेट झालेली असावी, ही आणखी एक अट. हा व्हिसा केवळ नागरिकांसाठी आहे. ग्रीन कार्डधारकाला तो उपलब्ध नाही.

वय गोठवणारा कायदा

आता एकविसाव्या वाढदिवसाकडे वळू. २००२ पूर्वी सरकारी दिरंगाईत मूल एकवीस वर्षांचे झाले की त्याचा हक्क जात असे, दोष कोणाचाही असो. ६ ऑगस्ट २००२ रोजी अमलात आलेल्या ‘चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन अ‍ॅक्ट’ने हा अन्याय बऱ्याच अंशी दूर केला. अमेरिकी नागरिकाने सावत्र मुलासाठी आय-१३० हा अर्ज दाखल केला, की त्या दिवशी मुलाचे जे वय असेल तेच पुढे धरले जाते. वीस वर्षे अकरा महिन्यांचा असताना अर्ज दाखल झाला आणि मुलाखत बावीसाव्या वर्षी आली, तरी तो ‘अपत्य’च राहतो, अर्थात तोवर त्याने लग्न केलेले नसेल तर.

दाखल होणे म्हणजे पाकीट टपालात टाकणे नव्हे. इमिग्रेशन विभागाने तो स्वीकारलेला असला पाहिजे. सही राहिली, शुल्क चुकले, तर अर्ज परत येतो आणि त्या तारखेला काहीच दाखल झाले नव्हते असे मानले जाते. एप्रिल २०२४ मध्ये ठरलेल्या दरानुसार हे शुल्क कागदी अर्जास ६७५ डॉलर आणि ऑनलाइन अर्जास ६२५ डॉलर आहे. वाढदिवस तोंडावर असेल तर ऑनलाइन अर्जच करावा, त्याची पोच तत्काळ मिळते.

आणखी एक ढोबळ चूक येथे वारंवार घडते. नागरिकाने पत्नीसाठी अर्ज केला की मुले त्यातच आली, अशी समजूत असते. नागरिकाच्या जवळच्या नातलगांच्या वर्गात सोबतच्या मुलांना आपोआप जागा मिळत नाही. पत्नीसाठी एक आणि प्रत्येक सावत्र अपत्यासाठी एकेक असे स्वतंत्र अर्ज करावे लागतात. पत्नीच्या अर्जात मुलाचे नाव लिहिलेले असते, त्यामुळे कुटुंब निर्धास्त राहते, आणि वस्तुस्थिती मुलाखतीच्या वेळी उघड होते.

सावत्र वडील नागरिक नसून ग्रीन कार्डधारक असतील, तर चित्र बदलते. तेथे पत्नीच्या अर्जात मुलाचा समावेश होऊ शकतो. पण हा वर्ग वार्षिक मर्यादेचा असल्याने रांग असते आणि अर्जाच्या दिवशी वय गोठत नाही. तेथे वजाबाकी करावी लागते. व्हिसा उपलब्ध होईल त्या दिवशीच्या वयातून, आय-१३० मंजूर व्हायला जितका काळ लागला तितका काळ वजा करायचा. समजा, व्हिसाचा क्रमांक लागला तेव्हा मुलगी बावीस वर्षे तीन महिन्यांची आहे आणि अर्ज मंजुरीला दीड वर्ष लागले होते. तिचे कायदेशीर वय वीस वर्षे नऊ महिने येते आणि ती पात्र ठरते. मंजुरी सहा महिन्यांत झाली असती, तर ती अपात्र ठरली असती. सरकारी विलंबाने फायदा व्हावा असे प्रसंग विरळाच. व्हिसा उपलब्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत पुढील पाऊल उचलणेही बंधनकारक आहे. ‘व्हिसा उपलब्ध झाला’ हे कोणत्या तक्त्यावरून ठरवायचे याचा नियम मधल्या काळात बदलला. १५ ऑगस्ट २०२५ पासून दाखल होणाऱ्या प्रकरणांत इमिग्रेशन विभाग व्हिसा बुलेटिनमधील ‘अंतिम कार्यवाही’चा तक्ता प्रमाण मानतो. आधीच्या नियमापेक्षा हा मुलांना कमी अनुकूल आहे.

ग्रीन कार्डधारक सावत्र वडील मधल्या काळात नागरिक झाले, तर आनंदाबरोबर एक धोकाही येतो. पत्नीचा अर्ज आपोआप वरच्या वर्गात जातो, पण त्या वर्गात सोबतच्या मुलाला स्थान नाही. मुलासाठी सुरुवातीलाच वेगळा आय-१३० दाखल केलेला असेल आणि नागरिकत्वाच्या दिवशी मूल एकवीसखाली असेल, तर त्याचे वय त्या दिवशी गोठते. वेगळा अर्ज नसेल, तर तो तातडीने करावा लागतो. एका अर्जाचे शुल्क वाचवण्यासाठी हा धोका पत्करू नये.

‘एच-१बी’वर नोकरी करणाऱ्यांच्या बाबतीत, अठरा वर्षांपूर्वी नाते जुळले असेल तर सावत्र मुलाला ‘एच-४’ मिळतो, तो एकवीसपर्यंतच. भारतीयांच्या नोकरीआधारित ग्रीन कार्डची रांग एवढी लांब आहे की दहा-बारा वर्षांचे मूलही त्यात वयाबाहेर जाण्याची शक्यता असते. सख्ख्या मुलांचीही तीच व्यथा आहे.

दाखल्यावरचे नाव

महाराष्ट्रात मुलाचे मधले नाव म्हणजे वडिलांचे नाव. पुनर्विवाहानंतर शाळेत, शेजारात प्रश्न नकोत म्हणून अनेक घरांत राजपत्रात जाहिरात देऊन मुलाचे मधले नाव आणि आडनाव बदलले जाते. त्यात गैर काही नाही. पण काही जण पुढे जाऊन जन्मदाखल्यावरच वडील म्हणून सावत्र वडिलांचे नाव लावून घेण्याचा प्रयत्न करतात. व्हिसाच्या दृष्टीने हे घातक आहे. सावत्र नाते सिद्ध करण्यासाठी लागतो तो आईचे नाव असलेला मूळ जन्मदाखला, आईच्या आधीच्या विवाहाच्या समाप्तीचा पुरावा आणि नव्या विवाहाचे प्रमाणपत्र. जन्मदात्या पित्याचे नाव दाखल्यावर असणे ही अडचण नसून तीच सावत्र नात्याची साखळी आहे. ती पुसली, तर खोट्या कागदपत्रांचा संशय येतो, आणि तो ठपका आयुष्यभर पाठ सोडत नाही.

जन्मतारखेचीही खातरजमा करावी. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही तारीख टाकल्याच्या कथा मागच्या पिढीच्या. पण पालिकेचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला यांत एखाद्या महिन्याचा फरक आजही सापडतो. जेथे एका दिवसाने निकाल बदलतो, तेथे एक महिना फार झाला.

जन्मदात्या पित्याची संमती हा वेगळा विषय. आय-१३० साठी ती लागत नाही. परंतु अल्पवयीन मुलाच्या पासपोर्टसाठी सामान्यतः दोन्ही पालकांची संमती अपेक्षित असते, ती नसेल तर ताब्याविषयीचा न्यायालयाचा आदेश वा विहित नमुन्यातील प्रतिज्ञापन द्यावे लागते. ताब्याचा वाद चालू असताना मुलाला परस्पर परदेशी नेणे तर कोणत्याही परिस्थितीत टाळावे. घटस्फोट संमतीने होत असेल, तर ‘मुलाचा कायम ताबा आईकडे राहील आणि परदेशात स्थायिक होण्यास पित्याची हरकत नाही’ असे वाक्य संमतीच्या अटींत घालून घ्यावे. मुंबईचे कुटुंब न्यायालय आणि अमेरिकी वकिलात दोन्ही वांद्रे-कुर्ला संकुलात आहेत. पहिल्या इमारतीत विसरलेले वाक्य दुसऱ्या इमारतीत आठवते, असा अनेकांचा अनुभव. सोळा वर्षांवरील मुलासाठी पोलिसांचा ना-हरकत दाखलाही लागतो.

एवढी यातायात करण्यापेक्षा सावत्र वडिलांनी मुलाला दत्तक घ्यावे, असा सल्ला नातेवाईक हमखास देतात. अठरा वर्षांची मर्यादा जवळ आलेली असताना त्याचा उपयोग नाही. भारतात हिंदू दत्तक कायद्याखाली साधारणपणे पंधरा वर्षांखालील मूलच दत्तक घेता येते. अमेरिकी कायद्यात दत्तकविधान सोळाव्या वर्षाच्या आत व्हावे लागते आणि दोन वर्षांचा कायदेशीर ताबा व सहवास दाखवावा लागतो. सावत्र नात्याला यांपैकी काहीच लागत नाही.

आर्थिक जबाबदारीची बाजू सावत्र वडिलांनी समजून घ्यावी. आय-८६४ या हमीपत्रासाठी त्यांचे उत्पन्न, कुटुंबाचा आकार धरून, अमेरिकेच्या अधिकृत दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असावे लागते. ही हमी विवाह मोडला तरी संपत नाही. मूल नागरिक होईपर्यंत किंवा त्याच्या खात्यावर साधारण दहा वर्षांचे काम जमा होईपर्यंत ती चालू राहते. अमेरिकेत प्रवेश करताना विवाहाला दोन वर्षे झालेली नसतील, तर मुलाचेही ग्रीन कार्ड दोन वर्षांचे, सशर्त असते. ते संपण्यापूर्वीच्या नव्वद दिवसांत आय-७५१ हा अर्ज करून अट काढून घ्यावी लागते. ग्रीन कार्ड मिळण्यापूर्वीच घटस्फोट झाला, तर सावत्र नाते प्रत्यक्षात टिकून आहे का, हे पुराव्यानिशी दाखवावे लागते.

कॅनडाचा विचार करणाऱ्यांसाठी नियम पुष्कळ सोपा आहे. ऑक्टोबर २०१७ पासून तेथे बावीस वर्षांखालील अविवाहित मूल आश्रित मानले जाते आणि जोडीदाराच्या मुलाचा अर्जात समावेश होतो. विवाह अठराच्या आत झाला का, हा प्रश्न तेथे येत नाही. मात्र स्वतःच्या अर्जाच्या वेळी जे मूल जाहीर केले नाही, त्याला पुढे कुटुंब वर्गातून आणणे सामान्यतः अशक्य होते.

ग्रीन कार्ड मिळाल्यावर मूल सावत्र वडिलांमुळे आपोआप अमेरिकी नागरिक होत नाही. २००१ पासून लागू असलेला बाल नागरिकत्व कायदा सख्ख्या आणि दत्तक अपत्यांपुरता आहे. नागरिकाची पत्नी म्हणून आईला, सोबत राहत असल्यास, ग्रीन कार्डनंतर तीन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. ती नागरिक झाली त्या दिवशी मूल अठरा वर्षांखाली, ग्रीन कार्डधारक आणि तिच्या ताब्यात तिच्यासोबत राहणारे असेल, तर आईमुळे तेही नागरिक होते. अठरा उलटली असतील, तर मुलाला स्वतःची पाच वर्षे पूर्ण करून स्वतंत्र अर्ज करावा लागतो.